खुर्चीतल्या बाईचं ऐकू या

बदलापूरकडे जांभळं उतरवताना फांदी मोडते, उल्हासनगर-अंबरनाथच्या गर्दीत लोकलच्या दारातून हात सुटतो. मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली की खालचं अंग लुळं पडतं. पायाला बसलेला चटकाही कळत नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय तरुणपणीच गेले. त्या खचल्या होत्या. मग बाबूकाका दिवाण भेटले, तेही चाकाच्या खुर्चीतलेच! त्यांना पाहून नसीमादीदींनी उभारी धरली. १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ संस्था काढली, ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं.

दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टर सांगतात. पण रात्री घरात कुणी कधी उठायचं, हे भोगलेली बाईच सांगू शकते. लघवीच्या नळीबद्दल डॉक्टरांना विचारायला जीभ रेटत नाही, तिला विचारता येतं.

तुमच्या गटात अशी कुणी असेल तर बैठक तिच्या ओट्यावर घ्या. तिची गोष्ट मात्र तिला विचारल्याशिवाय बाहेर सांगू नका. आणि हो, पाठीवर, कुल्ल्यावर, टाचेवर लालसर किंवा काळपट डाग दिसला तर चोळू नका. त्या जागेवरचा भार काढा आणि लगेच दवाखाना गाठा.