हृदयाची मरमर ऐकणार कोण?

हृदयातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते, त्या दारावर निसर्गाने तीन पाकळ्यांची झडप बसविली आहे. शंभरांतील एकदोघांच्या वाट्याला मात्र जन्मतःच दोन पाकळ्यांची झडप येते. बालपणी ती सहसा त्रास देत नाही, आणि नेमका तेथेच धोका आहे. इतरांत उतारवयात कडक होणारी झडप अशा व्यक्तींत एकदोन दशके आधीच कडक होऊ लागते. कोणाची गळते, कोणाची महाधमनी फुगते. धाप, भोवळ, छातीतील कळ जाणवेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो.

अशा झडपेला जंतुसंसर्ग सहज होतो, याकडे विल्यम ऑस्लर यांनी १८८६ सालीच लक्ष वेधले होते. परंतु झडप कडक होणे थांबविणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारे औषधही २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत निष्फळ ठरले. वेळीच निदान, नियमित तपासणी आणि योग्य वेळी शस्त्रक्रिया, हाच आजचा मार्ग होय.

हे ज्ञान बहुतांशी रुग्णालयाची पायरी चढू शकलेल्या रुग्णांवरून मिळाले आहे. भामरागडचा किंवा जिवतीचा शेतमजूर दम लागतो म्हणून घरी बसला, तर त्याची नोंद कोणत्या शोधनिबंधात होणार?

अरण्यात संशोधन कसले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गडचिरोलीनेच दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे प्रशिक्षण दिले. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. पुढे त्याच संस्थेच्या पाहणीत ८६ गावांतील सुमारे दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाल्याचे आढळले. शहरी समजले जाणारे रोग खेड्यात नसतात, हा भ्रम त्याने दूर केला.

झडपेचे निदान अर्थात आरोग्यदूताच्या हातचे नाही. छातीवरील नळीला मरमर ऐकू येते, पण खात्री इकोच्या चित्रानेच होते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुले तपासली जातात. मात्र मूक दोष तेथेही निसटू शकतो, आणि प्रौढ तर त्या योजनेबाहेरच राहतात. म्हणून प्रारंभ कुटुंबापासून करावा. अशा रुग्णाच्या आईवडील, भावंडे व मुले यांपैकी सुमारे दहांत एकाला हाच दोष आढळतो. या दोन जिल्ह्यांतील एक रुग्ण सापडताच त्याच्या आप्तांचा इको जवळच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावा, त्यांची नोंदवही ठेवावी, आणि वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घ्यावा. हीच सेवा आणि हेच संशोधन.

मात्र दोष शोधून रुग्णाला शस्त्रक्रियेविना वाऱ्यावर सोडणे हा अन्यायच ठरेल. नोंदवहीतील प्रत्येक नावामागे उपचाराची हमी असली, तरच त्या संशोधनाला नैतिक अधिष्ठान लाभेल.