आमिष केवढे असावे?

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासे पकडणारे लोक तुम्ही पाहिले असतील. गळाला लावलेल्या या खाद्याला आमिष म्हणतात.

उत्तर अमेरिकेतील सरोवरांत व नद्यांत मस्की नावाचा मोठा मासा राहतो. त्याची लांबी ४ फुटांहूनही अधिक होऊ शकते. त्याचे दात फार तीक्ष्ण असतात. साधी दोरी तो तोडून टाकतो. म्हणून गळाजवळ पोलादी तार बांधतात.

मस्कीसाठी लाकडाचे किंवा रबराचे नकली मासे आमिष म्हणून वापरतात. पण आमिष केवढे असावे? ते ऋतू पाहून ठरवतात. वसंत ऋतूत पाणी थंड असते व मासा सुस्त असतो. तेव्हा ४ ते ६ इंचांचे आमिष पुरते. उन्हाळ्यात तो चपळ होतो. मग ८ ते १० इंचांचे आमिष लावतात. हिवाळ्यापूर्वी तो मोठे भक्ष्य शोधतो. त्या वेळी फूटभर लांबीचे आमिषही चालते!

मस्कीला वाढायला बरीच वर्षे लागतात. मोठा मासा मारला, तर त्याची जागा लवकर भरून निघत नाही. म्हणून पुष्कळ लोक मासा मोजतात आणि लगेच पाण्यात सोडतात. परंतु पाणी फार गरम असेल, तर दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. अशा दिवसांत जाणकार माणूस गळ टाकतच नाही.

आमिष केवढे लावावे, हे कळले पाहिजे. गळ केव्हा टाकू नये, हेही कळले पाहिजे.