अ‍ॅव्होमीटरची उलटी पट्टी

व्होल्ट, अ‍ॅम्पिअर आणि ओहम मोजणाऱ्या अ‍ॅव्होमीटरच्या तबकडीवर ओहमची, म्हणजे रेझिस्टन्सची पट्टी उलटी असते. शून्य उजव्या टोकाला, अनंत डावीकडे. उजवे आकडे ऐसपैस, डावे एकमेकांवर चढलेले. नवशिका वायरमन इथे हमखास गोंधळतो. पण यंत्राचा खरा स्वभाव याच पट्टीत दिसतो. आत रेझिस्टन्स मोजणारं काहीच नाही. चुंबकाच्या फटीत फिरणारी एक कॉईल आहे आणि तिला फक्त करंट कळतो. आतला सेल तपासायच्या वस्तूतून करंट सोडतो, काटा तो दाखवतो. व्होल्टेजला करंटने भागून येणारं उत्तर तबकडीवर आधीच छापलेलं! रेझिस्टन्स जास्त तर करंट कमी, म्हणून पट्टी उलटी.

दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काटा आधी शून्यावर आणावा लागतो तोही याचसाठी. सेल उतरला की भागाकारातला वरचा आकडाच बदलतो. ज्याच्या नावाने हे एकक ओळखलं जातं त्या गेओर्ग ओहमलाही याच दुखण्याने छळलं होतं. त्याच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज टिकेना. शेवटी त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडणी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, तेव्हा कुठे स्थिर करंट मिळाला. हा भागाकाराचा नियम मांडणारं त्याचं पुस्तक आलं १८२७ साली.

मीटरची जन्मकथा मात्र वैतागाची आहे. ब्रिटिश टपाल खात्याकडे तेव्हा टेलिफोनच्या लाईनीही होत्या. तिथल्या डोनाल्ड मॅकाडी या इंजिनिअरला दुरुस्तीसाठी तीन वेगळी मीटरं वागवायचा कंटाळा आला. १९२३ साली ती एका पेटीत बाजारात आली. १९५१चं मॉडेल ८ तर २००८पर्यंत बनत होतं. त्यात दर व्होल्टमागे २०,००० ओहम; म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर मीटर स्वतःच दोन लाख ओहमचा, आणि काटा शेवटापर्यंत जायला अवघे ५० मायक्रोअ‍ॅम्पिअर पुरतात.

आता त्याला जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून पाहा. काटा ४० ओहमच्या आसपास थांबतो. कागदावर हिशेब वेगळाच येतो: १०० भागिले २३० म्हणजे ०.४३ अ‍ॅम्पिअर, आणि २३० भागिले ०.४३ म्हणजे सुमारे ५३० ओहम. मीटर बरोबर आणि कागदही बरोबर. मीटरने थंड तार मोजली. पेटलेलं टंगस्टन अडीच हजार अंशांच्या घरात असतं आणि तापलेल्या धातूचा रेझिस्टन्स वाढतो. बटण दाबताक्षणी बल्ब पाच-सहा अ‍ॅम्पिअर ओढतो. जुने बल्ब नेमके तेव्हाच का उडायचे ते यावरून कळावं.

गीझरचं गणित सरळ, कारण त्याच्या नायक्रोमचा रेझिस्टन्स तापूनही फारसा हलत नाही. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अ‍ॅम्पिअर घेतो; रेझिस्टन्स साधारण साडेसव्वीस ओहम. संध्याकाळी व्होल्टेज २००वर उतरलं की करंटही उतरतो, आणि दोन्हींचा गुणाकार येतो १५०० वॅट. व्होल्टेज तेरा टक्के घटलं, पण पाणी तापवायची ताकद पावपट गेली. लोक उगाच कॉईल बदलून घेतात.

पंख्याला मात्र हा गुणाकार लागू पडत नाही. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे मीटरवरच्या दोन आकड्यांचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त भरतो. तिथे अ‍ॅव्होमीटर हात टेकतो. तो हिशेब भिंतीवरचा फिरत्या चकतीचा जुना मीटर करायचा: एक कॉईल व्होल्टेजची, एक करंटची, आणि चकतीला ढकलणारा जोर दोन्हींच्या क्षणाक्षणाच्या गुणाकाराइतका.