मुळांच्या गांठींतील हुकुमाची नक्कल

हरभरा, तूर, भुईमूग इत्यादि द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठींत रायझोबियम वर्गाचे जंतू राहून हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें आमचे वाचक जाणतातच. परंतु हें काम केव्हां सुरू करावें, हें त्या जंतूंस कसें उमगतें, याचा थोडक्यांत खुलासा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जंतूच्या पेशींत डीएनए हें अस्सल दप्तर असतें. कचेरींत अस्सल कागद जागचा हलत नाहीं, लागेल त्या कलमाची नक्कल मिळते. तसेंच येथेंही होतें. या नकलेस संदेशवाहक आरएनए म्हणतात. तिचें अस्तित्व १९६१ सालीं सिद्ध झालें. नक्कल उतरणारें प्रथिन आरएनए पॉलिमरेज होय. पण आरंभ कोठून करावा हें त्यास एकट्यास कळत नाहीं. सिग्मा नांवाचें दुसरें प्रथिन आरंभस्थानाच्या अलीकडील खुणा ओळखून त्यास जागा दाखवितें. नेहमींच्या कामांत या खुणा सुमारें १० व ३५ अक्षरें अलीकडे असतात.

नत्राच्या कलमांसाठीं मात्र सिग्मा-५४ हा निराळा वाटाड्या लागतो. त्यानें जागा दाखविली तरी निफ-ए या प्रथिनाच्या साह्यावांचून लेखन सुरू होत नाहीं. आणि रायझोबियमाचें निफ-ए प्राणवायु फार असल्यास निकामी होतें. हा बंदोबस्त योग्यच आहे, कारण नत्र बांधणारें प्रथिनही प्राणवायूनें बिघडतें. गांठींतील तांबडें द्रव्य मोकळा प्राणवायु कमी राखतें, म्हणूनच तेथें काम चालतें.

जंतूंत नक्कल पुरी होण्यापूर्वींच तीवरून प्रथिनें बनूं लागतात. पुढें तिची विल्हेवाटही लवकर लागते. ई. कोलाय जंतूंत पुष्कळ नकलांच्या आरंभींच्या तीन फॉस्फेटांपैकीं दोन काढलीं जातात, मग आरएनेज-ई ती नक्कल कापतें, व थोड्याच मिनिटांत तिचीं अक्षरें सुटीं होऊन पुनः उपयोगीं पडतात. त्यामुळें जुना हुकूम निष्कारण चालू राहत नाहीं.

आतां शेतकऱ्याचें कर्तव्य. जमिनींत आयता नत्र भरपूर असल्यास पीक गांठी कमी धरतें. पेरणीच्या वेळीं शिफारशीपुरतें खत द्यावें. परंतु पीक जरा फिकें दिसतांच युरिया फेंकणें म्हणजे घरचा गडी बसवून रोजाचा मजूर लावणें होय. फुलोऱ्याच्या सुमारास दोनचार रोपें मुळांसकट अलगद उपटून गांठी चिरून पाहाव्या. आंत तांबूस रंग असल्यास काम चालू आहे असें समजावें, व युरियाचा खर्च वांचवावा.