शिंपलीचे पासबुक

कोपर स्टेशनबाहेर रविवारी सकाळी एक आगरी बाई तिसऱ्यांचे वाटे मांडून बसते. थंडीतल्या एका रविवारी मी त्यातला सगळ्यात टपोरा वाटा उचलणार, तोच ती म्हणाली, "काका, ते नका घेव. शिंप मोठी हाय, आत मास नाय."

स्वतःच्या मालातले उणे आपणहून सांगणारा माणूस मला बँकेतल्या सगळ्या नोकरीत भेटला नव्हता! मी लहान तिसऱ्या घेतल्या. घरी एकशिपी झकास झाली; पण बाईचे बोलणे काही डोक्यातून जाईना.

थोडे वाचल्यावर कळले, की शिंपलीची दोन खाती असतात. कवच ही मुदत ठेव. चुन्याचा थर चढत जातो, आकार वाढतो, तो पुन्हा घटत नाही. मांस हे मात्र बचत खाते. पाण्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर असल्या, की शिंपली ग्लायकोजेनचा, म्हणजे एक प्रकारच्या साखरेचा, साठा करते. प्रजननाच्या वेळी हीच शिल्लक खर्ची पडते. अंडी आणि बीज पाण्यात सोडले, की अंग उतरते. बाळंतिणीसारखेच म्हणा ना! म्हणून शास्त्रज्ञ नुसती लांबी मोजत नाहीत, कवचाच्या मानाने मांस किती भरले तेही पाहतात.

'शेल' कंपनीच्या बोधचिन्हातली पंख्यासारखी शिंपली, म्हणजे स्कॅलोप, हिलाही हाच हिशेब लागू. शिंपा उघडझाप करून ती चक्क पोहते आणि तिच्या कडेला डझनावारी डोळे असतात. थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते, कवचावर वळे उमटते आणि त्यावरून वय मोजता येते. आपल्या उबदार पाण्यात वाढ झपाट्याने होते. पण एक वळे म्हणजे एक वर्ष असे धरून चालत नाही. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी घुसले किंवा प्रजननाचा ताण पडला, तरी वळे उमटू शकते.

ही पासबुके वाचून काय साधते? केरळच्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांचा बेसुमार उपसा होऊन उत्पादन घटले होते. तेव्हा प्रजननाचा काळ ओळखून डिसेंबर ते फेब्रुवारी उपसा बंद ठेवायचे ठरले. पुढे २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिलेच.

कोपरच्या पश्चिमेला उल्हास नदीची खाडी आहे. शिंपली पाणी गाळून जगते. शहराचे सांडपाणी, कारखान्यांतले जड धातू तिच्या अंगात साठतात. म्हणजे मांस भरलेले असले, तरी ते खाण्याजोगे असेलच असे नाही. तिची शिल्लक भरणारे आपणच, आणि खोटी नाणी टाकणारेही आपणच.

पुढच्या रविवारी मी बाईला विचारले, "मोठ्या तिसऱ्या कधी घ्यायच्या?"

"त्यांना जरा भरू द्या, काका," ती म्हणाली. "मंग मीच सांगन तुमाला."

मी अजून थांबलो आहे.