दिवाणाखालचे खोके

आमच्या ब्रह्मपुरी-वडसा भागात कुठल्याही कवीच्या घरी जा, बैठकीतल्या दिवाणाखाली एक-दोन खोके हमखास निघतात. चहा होईपर्यंत यजमान वाकतो, खोक्यातून एक पुस्तक काढतो, फडक्याने पुसतो आणि पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहून सही करतो. पुस्तक विकलं जावं अशी देणाऱ्याची अपेक्षा नसते, आणि पैसे द्यावेत असं घेणाऱ्याच्या मनात येत नाही. माझ्याही दिवाणाखाली असा खोका होता. २००६ साली पदरमोड करून पाचशे प्रती छापल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त दहा वर्षांनीही घरातच होत्या आणि पावसाळ्यात त्यांना वाळवी लागू नये म्हणून बायको कडुनिंबाचा पाला टाकत होती.

आमच्याकडे ई-पुस्तक आलं त्याची गोष्ट या खोक्यापासून सांगावी लागते. चांदा म्हणजे चंद्रपूर काय आणि गडचिरोली काय, इथल्या लेखकाला पुण्या-मुंबईचा प्रकाशक मिळणं ही लॉटरी. मिळालेच नाहीत असं नाही. डॉ. अभय बंग यांचं, डॉ. प्रकाश आमटे यांचं पुस्तक महाराष्ट्रभर गेलं. पण ती माणसं मोठी, त्यांच्या कामाने पुस्तकाला वाट करून दिली. आमच्या भागातल्या झाडीबोलीत कविता लिहिणाऱ्या शिक्षकाला, तलाठ्याला, एसटीच्या वाहकाला एकच रस्ता होता. जिल्ह्याच्या गावी छापखाना गाठायचा, आगाऊ रक्कम द्यायची आणि झाडीबोली साहित्य संमेलनाच्या तारखेआधी प्रती मिळाव्यात म्हणून खेटे घालायचे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना होती, तिचा काहींना आधार झाला. बाकीच्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं.

चंद्रपुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ च्या फेब्रुवारीत वसंत आबाजी डहाके. मधल्या तेहतीस वर्षांत खिळे जुळवणारे गेले, संगणक आले, गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला. दुसऱ्या संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मी तीन दिवस फिरलो, पण ई-पुस्तकाबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात किंडलचं दुकान उघडलं. तिथे मराठी नव्हतीच, त्यामुळे आम्हाला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. ई-पुस्तक म्हणजे ई साहित्य प्रतिष्ठानने मेलवर फुकट पाठवलेली पीडीएफ, एवढीच आमची समजूत. मराठीसह पाच भारतीय भाषांचा विभाग किंडलवर आला तो डिसेंबर २०१६ मध्ये. मग लेखकाला घरबसल्या मराठी पुस्तक स्वतःच दुकानात लावता येऊ लागलं.

सांगायला सोपं आहे. खातं उघडा, फाईल चढवा, मुखपृष्ठ लावा, किंमत टाका. पण आमचं घोडं पहिल्याच पायरीवर पेंड खात बसलं, कारण आमच्याकडे फाईलच नव्हती.

म्हणजे होती, पण ती कृतिदेव फॉन्टात. विदर्भात टायपिंगच्या परीक्षेमुळे रेमिंग्टन कळफलकाची सवय सगळ्यांच्या बोटांना लागलेली, आणि त्या बोटांना कृतिदेव सोयीचा. डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर आणि कृतिदेव, नाहीतर श्रीलिपी. कागदावर अक्षर सुंदर उमटतं, पण संगणकाच्या पोटात मराठी नसतेच. कृतिदेवातला ‘राम’ संगणकाच्या लेखी जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. फॉन्ट काढून घेतला की राम गेला. ई-पुस्तकाच्या दुकानाला युनिकोड लागतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आमच्या छापखान्यांना मात्र तिची गरज कधी पडली नाही.

कृतिदेवाचं युनिकोड करणारे फुकट परिवर्तक इंटरनेटवर मिळतात. मी माझं पुस्तक त्यातून काढलं तेव्हा हुंदका यायचा बाकी राहिला. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. परिवर्तक बहुतेक ठिकाणी हे सांभाळतो, पण जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र कुठे गळतो, कुठे रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘अ‍ॅ’ची तर प्रत्येक पानावर वेगळी दशा. एकशे बारा पानं ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करायला मला अडीच महिने लागले. ज्यांना हे करायचं आहे त्यांना माझं सांगणं एकच की परिवर्तन झाल्यावर पडद्यावर वाचू नका. कागदावर छापून, छापील पुस्तक शेजारी ठेवून, पट्टी लावून वाचा. पडद्यावर डोळा आपलंच पाठ असलेलं वाचतो.

त्यात आमची बोली. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. आम्ही पाणी पीत नाही, पानी पितो. आमचा डोळा म्हणजे डोरा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर या बोलीचे शब्द गोळा केले, तिची संमेलनं भरवली, तेव्हा कुठे ती छापायला लोक धजावले. आता वर्डमध्ये कविता उघडली की अख्खं पान लाल रेघांनी भरतं. २०१७ साली गुगलने फोनवर मराठी बोलून टंकायची सोय दिली, तेव्हा एका मित्राने मोठ्या हौसेने आपली कविता फोनला ऐकवली. फोनने तिची नीट प्रमाण मराठी करून दिली. शाळेत गुरुजी करत होते तेच काम आता फोन करतो.

फाईल शुद्ध झाली की पुढचं तितकं अवघड नाही. पुस्तक दिसायला जसं हवं तसं रचायची छापील सवय मात्र सोडावी लागते. ई-पुस्तकाला पान नसतं. वाचणारा अक्षर मोठं करतो आणि ओळी आपोआप खाली सरकतात. स्पेसबार दाबून मध्यभागी आणलेलं शीर्षक फोनवर कुठेही जाऊन पडतं. वर्डमध्ये प्रत्येक प्रकरणाला ‘हेडिंग’ लावायचं, नवीन प्रकरण पेज ब्रेकने सुरू करायचं, अनुक्रमणिका त्या हेडिंगांवरून आपोआप बनू द्यायची आणि पानांचे आकडे काढून टाकायचे. कवितेच्या ओळीच्या शेवटी परिच्छेदाची एंटर न मारता शिफ्ट दाबून एंटर मारायची, म्हणजे कडवं सुटत नाही. पूर्वी किंडलसाठी मोबी नावाचा प्रकार लागायचा, २०२१ मध्ये तो बंद होऊन ईपब आलं. वर्डची फाईलही चालते. मुखपृष्ठाचं चित्र उभं लागतं, उंची २,५६० बिंदू आणि रुंदी १,६००. फोनवर उघडलेल्या किंडलच्या दुकानात ते बोटाच्या नखाएवढं दिसतं. आमच्या एका कवीने मुखपृष्ठावर ताडोब्याचा वाघ, मोहाचं झाड, बांधीतल्या रोवणाऱ्या बाया आणि स्वतःचा फोटो एवढं सगळं घातलं होतं. नखाएवढ्या चित्रात फक्त हिरवा डाग दिसत होता.

मग येतात कागदपत्रं. खात्यावर बँकेचा आयएफएससी, पॅन आणि अमेरिकेच्या कराचा प्रश्नसंच. हा प्रश्नसंच इंग्रजीत, आणि गावाकडचा माणूस इथेच हात टेकतो. खरं तर तो दहा मिनिटांचा आहे. तुम्ही भारतीय रहिवासी आहात असं सांगायचं आणि पॅन नंबर भरायचा. दोन देशांतल्या करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीवरची कपात ३० टक्क्यांवरून १५ वर येते. नाव पॅनवर आहे तेच लागतं. टोपणनाव पुस्तकाच्या लेखकाच्या रकान्यात घालता येतं, खात्यात नाही. ‘झाडीपुत्र’ नावाने खातं उघडणाऱ्यांचे पैसे अडकले, ते यामुळे.

आयएसबीएनबद्दल आमच्याकडे एवढा गैरसमज आहे की त्यावर काही लोकांनी धंदा मांडला. माझ्याकडूनही एका डीटीपीवाल्याने २००६ साली त्याचे वेगळे पैसे घेतले होते. भारतात आयएसबीएन राजा राममोहन राय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा फुकट देते, आणि २०१६ पासून अर्ज ऑनलाइन करता येतो. किंडलवरच्या ई-पुस्तकाला तो लागतही नाही, अ‍ॅमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं. छापील आवृत्तीचा आयएसबीएन ई-पुस्तकाला चिकटवू नये, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

किंमत ठरवताना मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं. रॉयल्टीचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर किंमत निदान ९९ रुपये ठेवावी लागते आणि पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावं लागतं. शिवाय या दरात फाईलच्या प्रत्येक एमबीमागे ७ रुपये पोहोचवणावळ कापतात. कर बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करा. एक एमबीचं कवितांचं पुस्तक ९९ रुपयांना विकलं तर लेखकाला ६४ रुपयांच्या आसपास पडतात. त्यात जंगलाचे रंगीत फोटो घालून फाईल पाच एमबीची केली की ४५ उरतात. म्हणून फोटो घालायचेच तर आकार लहान करून. आणि सिलेक्टची अट अशी की नव्वद दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. गुगल प्ले बुक्सवर नाही, बुकगंगेवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पीडीएफ म्हणूनही नाही. आमची सगळ्यांची पीडीएफ २०२० च्या टाळेबंदीत आधीच गावभर झाली होती. आम्हीच केली होती, हौसेने.

करातही एक गंमत आहे. कागदी पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता. २०१८ च्या जुलैत तो ५ वर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकाला. छपाईचा खर्च झेपत नाही म्हणून जो ई-पुस्तकाकडे वळला, त्याच्या पुस्तकावर कर जास्त. दिवाणाखालचा खोका असा कामी आला.

पुस्तक चढवल्यावर तपासणीला तीन दिवसांपर्यंत लागतात, आणि मग ते दिसू लागतं. त्या दिवशी मी चौकातल्या चहावाल्यालाही फोन दाखवला. त्याने कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, “घ्याचा कसा?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. आधी अ‍ॅप, मग खातं, मग पैसे. २०२२ पासून अँड्रॉइडवरच्या किंडल अ‍ॅपमध्ये थेट खरेदीही होत नाही, ब्राउझरमध्ये जाऊन पुस्तक घ्यायचं आणि परत अ‍ॅपमध्ये यायचं. त्याने शेवटी खोक्यातलं पुस्तक मागितलं आणि पन्नास रुपये दिले.

माझ्या अनुभवात घेणारे निघाले ते इथून गेलेले. महिन्याच्या अहवालात गाव दिसत नाही, फक्त कोणत्या देशाच्या दुकानातून विक्री झाली ते कळतं. पण माणसं फोन करतात. वडशाचा एक मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, त्याने रात्री अकराला फोन करून ‘बोडी’ आणि ‘मामा तलाव’ यांतला फरक विचारला, कारण त्याला तो आपल्या मुलीला सांगायचा होता. एक प्रत अमेरिकेच्या दुकानातून गेली, ती कुणाची ते अजून कळलं नाही. पुस्तक वडशाहून निघतं आणि वडसा सोडलेल्या माणसांकडे पोहोचतं. मला यात वाईट काही वाटत नाही. पण ‘ई-पुस्तकाने खेड्यातला वाचक मिळाला’ असं भाषण संमेलनात कुणी केलं की मी चहा प्यायला उठतो.

गडचिरोलीतल्या भामरागडचं आणखी निराळं. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा रस्ता तुटतो, अनेकदा फोनही. फाईल एकदा उतरवून घेतली की नेटवर्क नसताना वाचता येते, हा ई-पुस्तकाचा तिथे खरा उपयोग आहे. पण तिथली भाषा माडिया, गोंडी. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ साली आणि गुंजाळा लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. अ‍ॅमेझॉनच्या भाषांच्या यादीत गोंडी मात्र नाही. देवनागरीत लिहिलेलं गोंडी पुस्तक ‘मराठी’ म्हणून चढवणं म्हणजे खोटं बोलणं, आणि पकडलं गेलं तर पुस्तक उतरवलं जाण्याची भीती. त्यामुळे ती पुस्तकं अजून पीडीएफवरच फिरतात.

आणि झाडीपट्टीची नाटकं? दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या मंडळ्या रात्रभराचे प्रयोग करतात, या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीही मिळाली. पण संहिता बहुतेक वहीत राहतात. ही नाटकं ई-पुस्तकात यावीत असं मी दोन-तीन नाटककारांना सुचवलं. एकाने स्पष्ट सांगितलं, “छापलं का दुसरी मंडळी उचलते.” त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

माझ्या खोक्यात आता चाळीसेक प्रती उरल्या आहेत. ई-पुस्तकाच्या पैशांतून दुसऱ्या संग्रहाचा छपाईखर्च निघाला नाही, कागदाचे पैसे तेवढे निघाले. पण या सगळ्यात एक काम फुकटात झालं. माझं लिखाण कृतिदेवातून सुटलं आणि कुठल्याही फोनवर उघडू लागलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्यातल्या फायली उघडणारे संगणक एकेक करून भंगारात चालले आहेत. ज्यांच्याकडे १९९५ ते २०१० मधल्या पुस्तकांच्या सीडी कपाटात पडल्या असतील, त्यांनी विकायचं नंतर बघावं, आधी मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्यावा. ब्रह्मपुरीत माझ्या ओळखीत सीडी वाचणारा जुना संगणक एकच उरला आहे, आणि त्याचा पंखा आवाज करतो. या उन्हाळ्यात आणाल तर बरं.