वेणीची वीण आणि मनगटाचे दुखणे

थंडीची चाहूल लागली की लोकरीचे गुंडे ट्रंकेतून बाहेर येतात आणि पाठोपाठ माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येऊ लागते : "रात्री हाताला मुंग्या येतात, झोपमोड होते." जरा विचारपूस केली की कळते, घरी अर्धवट कार्डिगन पडले आहे. वाचक भगिनींनी विणकाम सोडावे असे मात्र मी मुळीच सांगणार नाही. ज्या शास्त्राचा मी अभ्यास केला, त्यात विणकामाला औषधाचा मान आहे.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. या विषयाची ती देशातली पहिली शाळा. हाताला काम देऊन हात बरा करायचा, अशी त्यामागची साधी कल्पना. हाड मोडून ताठरलेली बोटे असोत की उदास झालेले मन, सुया आणि लोकर दोन्हीकडे उपयोगी पडतात. २०१३ साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात ३१ देशांतील ३,५४५ विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी आपल्याला अधिक शांत वाटते असे सांगितले होते. अर्थात विणकामाची आवड असलेलेच अशी प्रश्नावली भरणार, तेव्हा हा आकडा थोडा सबुरीने घ्यावा.

औषध म्हटले की त्याची मात्रा आलीच. लालबागच्या एका काकूंची गोष्ट सांगते. मुंबईत स्वेटर घालण्याचे दिवस ते किती! पण नात नाशिकला, म्हणून तिच्यासाठी पुढून गुंड्या असलेले, वेण्यांच्या विणीचे कार्डिगन त्यांनी घातले होते. ही वीण दिसते सुंदर, पण हाताला जड. सहा टाक्यांची वेणी असेल तर तीन टाके तिसऱ्या सुईवर काढून पुढे किंवा मागे धरायचे, आधी उरलेले तीन विणायचे आणि मग सुईवरचे. टाके एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळे ते ताणले जातात. काकूंचा हात मुळात घट्ट, त्यात बारा नंबरच्या बारीक पोलादी सुया. प्रत्येक पीळ देताना अंगठ्याने सुई रेटावी लागे आणि मनगट आत मुडपत असे.

दर आठ ओळींनी पीळ द्यायचा, तो एकदा दहाव्या ओळीवर गेला. वीसेक ओळी झाल्यावर ही चूक लक्षात आली. काकूंनी रागाने पुढचा सगळा भाग उसवला आणि वाया गेलेले काम भरून काढण्यासाठी चार रात्री एकेक वाजेपर्यंत, चाळीतल्या मिणमिणत्या दिव्याखाली बसून विणले. पाचव्या रात्री हात इतका बधिर झाला की दुधाचे पातेले निसटले. तरी विणणे चालूच. काका पूर्वी गिरणीत साचे चालवीत. ते म्हणाले, "धागा तुटला की आम्ही साचा थांबवून जोडायचो. तू तुटल्या धाग्यावर साचा चालवतेस." इतके नेमके निदान मलाही साधले नसते.

मनगटात हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणारे नऊ स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू त्यातून जातात. मनगट बराच वेळ मुडपलेले राहिले किंवा आतली आवरणे सुजली की मज्जातंतू दबतो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, रात्री त्रास वाढतो, हात झटकला की बरे वाटते. दोष सर्वस्वी सुयांचा असतोच असे नाही. गरोदरपण, थायरॉईडची कमतरता, संधिवात, मधुमेह यांतही हे दिसते. म्हणूनच काकूंना रक्त तपासायला लावले, तर साखर वाढलेली निघाली. त्यांना त्याची कल्पनाच नव्हती.

मधुमेहाचे उपचार डॉक्टरांनी सुरू केले. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधायला दिली. दोन आठवडे विणकाम बंद, मग वीस मिनिटे विणायचे आणि दहा मिनिटे हात मोकळे ठेवायचे. सुया नऊ नंबरच्या, बांबूच्या घेतल्या (आपल्याकडे आकडा कमी तितकी सुई जाड). सुया बदलल्या की माप बदलते, म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणून टाक्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागला आणि झालेली पाठ उसवावी लागली. यावर काकू दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत! कोपरांखाली उशी आणि उजेड खांद्यामागून, हेही सांगितले.

चूक सुधारण्याची युक्ती मात्र चाळीतल्याच एका जुन्या विणणारीने त्यांना शिकवली. वेणी चुकली तर सगळा भाग उसवू नये. त्या वेणीचे तेवढे सहा टाके चुकलेल्या ओळीपर्यंत खाली सोडावेत आणि तिसऱ्या सुईने पुन्हा वर विणत आणावेत. दर वेणीनंतर वेगळ्या रंगाचा दोरा टाक्यांतून ओवून ठेवला तर मागे जाणेही सोपे होते. ओळींची नोंद कागदावर करावी. अर्ध्या तासाचे काम चार रात्रींचे होत नाही, आणि हात वाचतो.

विश्रांती आणि पट्टी यांनी काही आठवड्यांत उतार पडला नाही, गुंडी लावता येईना, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे लगेच जावे. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजण्याची तपासणी असते आणि गरज पडल्यास छोट्या शस्त्रक्रियेने तो पट्टा मोकळा करतात. मुंग्या करंगळीला येत असतील तर दोष बहुधा या बोगद्यात नसतो. तो कोपरात किंवा मानेत असण्याचा संभव अधिक. डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.